हितचिंतकांचा फुल कोर्ट प्रेस

कॉलेजात खेळणाऱ्या गुणी मुलीचा बास्केटबॉलमधला फॉर्म गेला की नाशिकमध्ये तिच्याकडे बघणारी माणसं एका आठवड्यात दुप्पट होतात. फॉर्म होता तेव्हा ही माणसं कुठे होती, असं विचारायचं नसतं. तेव्हा मुलगी आपली बास्केट टाकत होती. त्यात बोलण्यासारखं काय होतं? ओळीनं तीन सामन्यांत तिचे शॉट रिंगला लागून बाहेर पडले, की विषयाला तोंड फुटतं. कॉलेज रोडच्या मावशींना ती बारीक झालेली दिसते, सिडकोच्या काकांना अंगानं सुटलेली. कॉलेजच्या सरांच्या मते शॉट मारताना तिचं कोपर बाहेर जातं. शाळेतल्या सरांच्या मते ते आत येतं, आणि हे सगळं ती त्यांच्या हाताखालून गेल्यावर सुरू झालं. वडील मोबाइलला दोष देतात, आई नजरेला. आयुष्यात कॅरमखेरीज कशालाही हात न लावलेले शेजारचे निवृत्त गृहस्थ एकाग्रतेवर बोलतात, आणि आत्या हळूच विचारते, की आता खेळ पुरे म्हणायचा का, म्हणजे मग स्थळांचं बघता येईल. यातला प्रत्येक माणूस मनापासून तिच्या बाजूचा आहे, आणि खरी अडचण तीच आहे. प्रतिस्पर्ध्यांचा फुल कोर्ट प्रेस, म्हणजे सगळ्या कोर्टभर अंगावर येणारा बचाव, फोडायला मुलीला शिकवलेलं असतं. हितचिंतकांचा कसा फोडायचा हे कोणत्याही शिबिरात शिकवत नाहीत. माझं म्हणणं इतकंच, की या मंडळींनी करण्यासारखी सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे बहुतेक वेळा काहीच न करणं. हे आळसाचं तत्त्वज्ञान वाटेल, म्हणून ते आकड्यांनी मांडतो. सोबत आकडे असले की आळसालाही शास्त्राचा दर्जा मिळतो.

रिंग जमिनीपासून 3.05 मीटर, म्हणजे 10 फुटांवर असते. ही उंची कोणी ध्यान लावून शोधलेली नाही. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नाइस्मिथ या शिक्षकानं पीचच्या टोपल्या टांगल्या, तेव्हा तिथल्या व्यायामशाळेच्या गॅलरीचा कठडा 10 फुटांवर होता, म्हणून टोपल्या 10 फुटांवर गेल्या. कठडा 7 फुटांवर असता तर निम्मं नाशिक आज खेळाडू आरक्षणातून नोकरीला लागलं असतं. रिंगचा व्यास 45 सेंटिमीटर, मुलींच्या चेंडूचा सुमारे 23. म्हणजे चेंडू आत जायला जागा भरपूर आहे, असं गॅलरीत बसून स्पष्ट दिसतं. कोर्टवर मात्र समोर हात वर केलेली उंच मुलगी असते, आपले पाय हवेत असतात आणि विचार करायला वेळ नसतो. अशा स्थितीत 100 पैकी 40 शॉट आत टाकणारी कॉलेजची मुलगी चांगली म्हणावी. म्हणजेच फॉर्म उत्तम असतानाही तिचे 60 शॉट बाहेरच जात असतात. ते आपण मोजत नाही, कारण तेव्हा हात टाळ्यांत गुंतलेले असतात.

आता या मुलीत काडीचाही बदल झालेला नाही असं धरा आणि तिला एका सामन्यात 10 शॉट घेऊ द्या. त्यातला एकच आत जाईल किंवा तोही जाणार नाही, असं साधारण 22 सामन्यांत एकदा होतंच. 20 सामन्यांच्या मोसमात असा एक तरी काळा दिवस येण्याची शक्यता 100 मध्ये 60. तीन सामने मिळून 30 शॉट धरले, तर त्यातले 8 किंवा त्याहून कमी आत जाण्याची शक्यता 10 मध्ये 1 च्या आसपास भरते. 30 पैकी 8 म्हणजे 27 टक्के. कुठे 40 आणि कुठे 27! घरात स्मशानशांतता पसरायला, आणि ती भंग करायला काका यायला, एवढी घसरण पुरेशी आहे. पण 12 जणींचा संघ असेल, तर कोणत्याही तीन सामन्यांत त्यातल्या सरासरी एकीवर ही पाळी निव्वळ हिशोबानं येणार. तिची झोप, तिचा मोबाइल, तिची जन्मपत्रिका यांतलं काहीही बिघडायची गरज नाही. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव एका सकाळी पडला म्हणून कोणी कांद्याची पत्रिका दाखवत नाही. उद्याचा आणि परवाचा भाव बघून मग काय ते ठरवतात. हा संयम आपल्या जिल्ह्यात आहे, फक्त तो कांद्यासाठी राखून ठेवलेला आहे.

यावर पहिला आक्षेप खेळणाऱ्यांचाच येईल: हे गणित नाणेफेकीला ठीक, माणसाचा हात कधी तापतो, कधी गारठतो. थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि अमोस ट्वर्स्की या तिघांनी 1985 साली नेमका हाच प्रश्न हाताळला. त्यांनी 100 बास्केटबॉलप्रेमींना विचारलं, तेव्हा 91 जण म्हणाले की दोन-तीन शॉट लागोपाठ आत गेलेल्या खेळाडूचा पुढचा शॉटही आत जाण्याची शक्यता जास्त असते. मग त्यांनी फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सच्या सामन्यांची नोंद तपासली, बोस्टन सेल्टिक्सचे फ्री थ्रो तपासले, आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या 14 मुलांना आणि 12 मुलींना प्रत्येकी सुमारे 100 शॉट मारायला लावले. तापलेला हात त्यांना कुठेच सापडला नाही. सेल्टिक्सचे नावाजलेले माजी प्रशिक्षक रेड ऑअरबाख यांनी हा अभ्यास कानाआड केला, आणि गंमत अशी की तेही अगदीच चुकले नव्हते. 2018 साली जोशुआ मिलर आणि अ‍ॅडम सॅनहुर्हो यांनी दाखवून दिलं, की त्या जुन्या मोजणीच्या पद्धतीतच एक बारीक खोट होती; ती दुरुस्त केली तर कॉर्नेलच्या त्याच आकड्यांत हात थोडाफार तापलेला दिसतो. म्हणजे फॉर्म नावाची वस्तू असू शकते. माझ्या बाजूनं एवढंच म्हणतो, की जी गोष्ट आहे की नाही हे ठरवायला हुशार माणसांना 33 वर्षं लागली, ती काकांना गॅलरीत वडापाव खाताखाता तीन सामन्यांत दिसली असेल, हे पटायला कठीण आहे.

दुसरा आक्षेप अधिक जोरदार आहे, कारण तो अनुभवाचा आहे: आम्ही रागावलो आणि दुसऱ्या सामन्यात मुलगी खेळली, हे कसं? याचं उत्तर डॅनिएल काहनमन यांनी इस्रायलच्या हवाई दलात शोधलं. पुढे 2002 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या हवाई दलातले प्रशिक्षक सांगत, की शिकाऊ वैमानिकाची कसरत सुरेख झाली म्हणून त्याला शाबासकी दिली, की पुढची कसरत बिघडते. आणि बिघडली म्हणून झापलं, की पुढची सुधारते. तेव्हा कौतुक घातक आणि शिव्या गुणकारी. काहनमन यांना दिसलं ते वेगळंच. फार चांगल्या खेळीनंतर येणारी खेळी बहुधा नेहमीसारखी असते, म्हणून ती उतरलेली वाटते. फार वाईट खेळीनंतरचीही नेहमीसारखीच असते, म्हणून ती सुधारलेली वाटते. मधल्या शाबासकीचा आणि शिव्यांचा संबंध असलाच तर बेताचा. आता हे आपल्या गावाला लावून बघा. मुलगी अगदी तळाला असताना आपण इलाज करतो, कारण त्याआधी कोणी इलाज करत नाही. तळाहून पुढचा रस्ता बहुधा वरच जातो. त्यामुळे जो जे करेल ते लागू पडतं! मीठ-मोहऱ्यांनी नजर काढली, ती उतरली. बूट बदलले, ते लाभले. सप्तशृंगीला बोललेला नवस फळाला आला, सरांनी मैदानाला मारायला लावलेल्या 20 फेऱ्या फळाला आल्या, काकांनी पाठवलेला प्रेरणादायी व्हिडिओही फळाला आला. सगळ्यांना श्रेय मिळालं, एक मुलगी सोडून. आणि पुढच्या वेळी फॉर्म गेला की हे सगळे इलाज एकदम होतात, कारण प्रत्येकाच्या हातात आता पुरावा असतो.

त्र्यंबकेश्वर शहरापासून तीसेक किलोमीटरवर असल्यामुळे आपल्याकडे एक जास्तीची सोय आहे. पत्रिकेत कालसर्प योग निघाला तर त्याची शांती तिथे होते, आणि प्रकरण पितरांपर्यंत गेलं तर तीन दिवसांचा नारायण नागबळी होतो. मी श्रद्धेवर बोलत नाही. खेळाच्या अंगानंच बोलायचं तर या विधीतला एक गुण कोणाच्या ध्यानात आलेला नाही. तीन दिवस मुलगी कोर्टवर जात नाही, कोपराबद्दल कोणी काही सांगत नाही, सात्त्विक जेवण वेळेवर मिळतं आणि रात्री झोप लागते. खेळाडूला दिलेली इतकी शिस्तशीर विश्रांती महाराष्ट्रात दुसऱ्या कोणत्या संस्थेत मिळत असेल, असं मला वाटत नाही. तीन दिवसांनी ती परत येते आणि शॉट पडू लागतात. राहू-केतूंना जे श्रेय जातं त्यातलं निम्मं तरी झोपेच्या नावावर टाकायला कोणत्याही गुरुजींची हरकत नसावी.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काही मुलांचा फॉर्म खरोखरच जातो आणि परत येत नाही, त्यांचं काय? निक अँडरसनचं उदाहरण घ्या. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या 1995 च्या अंतिम फेरीचा पहिला सामना, त्याचा संघ ऑर्लँडो तीन गुणांनी पुढे, शेवटचे काही सेकंद, आणि अँडरसनच्या हातात फ्री थ्रो. त्यानं लागोपाठ चार चुकवले. ह्यूस्टननं सामना जादा वेळेत नेला, तिथे जिंकला आणि पुढे मालिकाच 4-0 नं घेतली. त्या मोसमात अँडरसनचे 100 पैकी सुमारे 70 फ्री थ्रो आत जात होते. दोन मोसमांनंतर ते 40 वर आले. ही नाणेफेक नव्हे, हे मलाही मान्य आहे. पण फ्री थ्रो हा काय प्रकार आहे तेही बघा. फळ्यापासून 4.60 मीटरवर रेघ, समोर कोणी नाही, धावायचं नाही, उडी नाही, आणि हातात तब्बल पाच सेकंद. हा बास्केटबॉलमधला सर्वांत सोपा शॉट आहे आणि म्हणूनच सर्वांत अवघड, कारण विचार करायला वेळ मिळतो आणि त्या वेळात सगळं स्टेडियम तुमच्याकडे बघतं. आपल्याकडे तर याच पाच सेकंदांत मुलीला धीर यावा म्हणून नाशिक ढोल वाजवायला कमी करणार नाहीत. अँडरसनचे ते चार शॉट लोकांनी त्याला विसरू दिले नाहीत. नावाला यमक जुळवून त्याला विटेची पदवी दिली, कारण रिंगवर आपटून येणाऱ्या शॉटला तिकडे वीट म्हणतात. पुढे तो रेघेवर उभा राहिला की एकटा नसायचा. मागचे चार शॉटही त्याच्याबरोबर उभे असायचे.

याच्या शेजारी जॉन स्टार्क्स ठेवायला हवा. 22 जून 1994, न्यू यॉर्क निक्स विरुद्ध ह्यूस्टन, अंतिम फेरीचा सातवा आणि निर्णायक सामना. स्टार्क्सनं 18 शॉट मारले, दोन आत गेले. तीन गुणांचे 11 मारले, त्यातला एकही नाही. मागच्याच सामन्यात त्यानं 27 गुण काढले होते, म्हणून प्रशिक्षक पॅट रायलींनी त्याला बाहेर बसवलं नाही, आणि निक्स 90-84 असे हरले. इथे काका खुर्चीच्या कडेवर येतील: बघा, गप्प बसल्याचा परिणाम! खरं आहे. त्या रात्री रायलींनी त्याला थोडा वेळ बसवायला हवं होतं, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. एका सामन्यात कोणाला खेळवायचं हा डावपेचाचा प्रश्न आहे, आणि त्यात काहीच न करणं हाही एक डावपेच असतो, जो फसू शकतो. माझा मुद्दा त्या रात्रीनंतरचा आहे. निक्सनी स्टार्क्सला ठेवलं, खेळवलं, तीन गुणांचे शॉट मारू दिले. पुढच्याच मोसमात त्यानं असे 217 शॉट आत टाकले. एका मोसमात 200 चा आकडा ओलांडणारा एनबीएच्या इतिहासातला तो पहिला खेळाडू. त्या वर्षी तीन गुणांची रेघ थोडी जवळ आणली होती हे खरं, पण ती सगळ्यांसाठीच जवळ आणली होती. दोन माणसं, दोन्ही अंतिम फेरीत सगळ्या जगासमोर कोसळलेली. दोन उदाहरणांवरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं, तरी इतकं दिसतं की एकाला चुकण्याची परवानगी शिल्लक होती आणि दुसऱ्याला ती मिळाली नाही.

चुकण्याच्या परवानगीवरून विल्ट चेंबरलेन आठवतो. 7 फूट 1 इंचाचा हा माणूस फ्री थ्रोमध्ये कच्चा होता. 1961-62 च्या मोसमात त्यानं चेंडू दोन्ही हातांनी खालून, गुडघ्यांमधून उचलून टाकायला सुरुवात केली, आणि प्रमाण 61 टक्क्यांवर गेलं. 2 मार्च 1962 ला त्यानं एका सामन्यात 100 गुण काढले तेव्हा 32 पैकी 28 फ्री थ्रो आत गेले होते. मग त्यानं ही पद्धत सोडून दिली. का? तर तसं टाकताना आपण बायकी दिसतो, असं त्याला वाटायचं. पुढे 1967-68 मध्ये तो 38 टक्क्यांपर्यंत खाली आला. लोक काय म्हणतील ही काळजी फक्त गंगापूर रोडच्या सोसायट्यांत असते असा आपला समज होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य खेळाडूनं तिच्यापायी फुकटचे गुण सोडून दिले. मग 19 वर्षांच्या मुलीला, जिच्या प्रत्येक शॉटवर कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा होते, ही काळजी नसेल असं धरणं अवघड आहे.

काहीच करू नका, याला एक अपवाद मी आनंदानं देतो, कारण त्यात बोलणं कमी आणि तपासणं जास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे धाप लागलेल्या, दुसऱ्या सत्रात पाय जड पडणाऱ्या मुलीला नजर लागली असण्यापेक्षा लोह कमी असण्याचा संभव कितीतरी मोठा. नजर काढायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात हिमोग्लोबिन तपासायला रक्त देऊन होतं, आणि निकाल छापील मिळतो. डोळे तपासावेत, चष्मा लागलेला असेल तर रिंग पुसट दिसते आणि मुलगी ते सांगत नाही, कारण चष्मा लागला म्हणजे मोबाइलवरचं भाषण पुन्हा ऐकावं लागणार. घोट्याची जुनी दुखापत तशीच दामटून ती खेळत असेल. सत्र परीक्षा आणि सामने एकाच आठवड्यात आले असतील. पहाटेच्या सरावासाठी ती साडेचारला उठत असेल आणि रात्री घरचे टीव्ही बंद करत नसतील. या गोष्टी इतक्या नीरस आहेत की त्यावर कोणाला मत देता येत नाही. म्हणूनच त्या मागे पडतात.

आता काहीच न करण्याच्या बाजूचे घरचे पुरावे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. ज्या तालुक्यात पाण्यासाठी विहिरी खणाव्या लागतात, आणि त्यानं स्वतः त्या खणल्या, तिथला हा मुलगा सैन्यात जाऊन नौकानयनपटू झाला आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरीत तेरावा आला. दोन वर्षांनी इंडोनेशियात आशियाई स्पर्धा झाल्या. 23 ऑगस्ट 2018 ला एकेरीच्या अंतिम शर्यतीत तो सर्वांत शेवटी पोचला. दुसऱ्याच दिवशी, 24 तारखेला, स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या नावेत बसून त्यानं सुवर्णपदक जिंकलं. मध्ये गेली ती एक रात्र. तेवढ्यात आपल्याकडची परिषद भरत नाही. कोणी त्याचं कोपर बघितलं नाही, पत्रिका काढली नाही, तीन आठवडे सगळं सोडून दे म्हणून सांगितलं नाही. नावेत त्याची जागा होती, त्या जागेवर तो बसला. सुवर्णपदकामागे मेहनत, सैन्य आणि प्रशिक्षक होते हे उघड आहे. सल्ल्याला वेळ मिळाला नाही या गोष्टीचंही ऋण कुठेतरी नोंदलं जावं, एवढीच माझी सूचना.

दुसरा पुरावा खुद्द शहरातला, विदित गुजराथीचा. 2023 च्या ऑक्टोबरात आइल ऑफ मॅनला बुद्धिबळाची ग्रँड स्विस स्पर्धा सुरू झाली आणि विदित पहिल्याच फेरीत हरला. 11 फेऱ्या संपल्या तेव्हा साडेआठ गुणांसह तो पहिला होता आणि टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत त्याची जागा पक्की झाली होती. याला जिद्द म्हणून पेढे वाटायला हरकत नाही, पण माझं लक्ष स्पर्धेच्या पद्धतीकडे जातं. स्विस पद्धतीत हरलेला माणूस घरी जात नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पटावर बसतो. हीच स्पर्धा बाद पद्धतीनं घेतली असती तर जगातल्या त्या वेळच्या सर्वांत सरस खेळणाऱ्या माणसाला आपण दुसऱ्या दिवशी विमानात बसवलं असतं, आणि त्याचा फॉर्म गेला म्हणून हळहळलो असतो. आमच्या कॉलेजच्या मुलीचं नेमकं हेच होतं. अमेरिकेतला कॉलेजचा संघ एका मोसमात साधारण 30 सामने खेळतो. इथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एक वाईट दुपार आली की बहुधा पुढची संधी पुढच्या वर्षी. मग त्या तीन सामन्यांची कथा वर्षभर पुरवावी लागते, आणि तिच्यावर बोलायला लोकही वर्षभर मोकळे असतात. 20 सामने मिळाले असते तर त्या तिन्हींची गंमत झाली असती. तेव्हा ज्यांना मदत करायचीच आहे, खिशात हात घालायचाच आहे, त्यांनी बुटांचा चौथा जोड आणि स्फूर्तिदायक वक्त्याचं मानधन यांऐवजी शहरातल्या पाच-सहा कॉलेजांत दर रविवारी साखळी सामने भरवावेत. पंच, चेंडू, पाणी आणि दुपारची मिसळ एवढाच खर्च. तिसऱ्या रविवारपर्यंत कोणाचा फॉर्म कधी गेला होता हे कोणाला आठवणार नाही, आणि मिसळ कुठली चांगली होती यावर वाद सुरू झालेला असेल.

पालकांचा आक्षेप यावरही उरतोच, आणि तो रास्त आहे. त्यांनी पहाटे गाडी काढली, पैसे घातले, नातेवाइकांचे टोमणे ऐकले; शिवाय शासकीय नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणाकडे डोळे लागलेले असतात. एवढं गुंतवल्यावर माणसानं बोलूही नये? बोलावं की. पण ज्या दिवशी 10 पैकी 7 पडले त्या दिवशी आणि ज्या दिवशी एकच पडला त्या दिवशी सारखंच बोलावं: काय खाल्लंस, उद्या सराव कितीला, गाडी मी आणू का. मुलीला बाबांच्या चेहऱ्यावरून गुणफलक वाचता येऊ नये. हे अभिनयाचं काम आहे आणि कालिदास कलामंदिरात रंगणाऱ्या कोणत्याही भूमिकेपेक्षा कठीण आहे. तरी निदान या भूमिकेला संवाद कमी आहेत.

आणि ज्यांना स्वस्थ बसवतच नाही, हात शिवशिवतात, त्यांच्यासाठी कोर्टवर एक जागा कायम रिकामी असते. शॉटचा सराव करताना एकट्या खेळाडूचा निम्मा वेळ चेंडूमागे धावण्यात जातो. रिंगखाली उभं राहून आत पडलेला आणि बाहेर गेलेला प्रत्येक चेंडू तिच्या हातात परत द्यायला कोणी असेल, तर तेवढ्याच वेळात तिचे दुप्पट शॉट होतात. या कामाला वयाची अट नाही, खेळाचं ज्ञान लागत नाही, असलं तर अडचणच होते. मीनाताई ठाकरे स्टेडियमच्या फेऱ्या मारून पेन्शनचे दिवस घालवणाऱ्या काकांना वजन उतरवायलाही ते बरं. अट एकच, की चेंडूबरोबर सूचना परत द्यायच्या नाहीत. ही अट पाळणं काकांना अशक्य वाटलं, तर जाताना कोंडाजीचा चिवडा बरोबर द्यावा आणि चेंडू येतील तसे बकाणे भरत राहायला सांगावं. 100 शॉटना पाव किलो पुरतो की अर्धा लागतो, हे काकांचा स्वभाव बघून ठरवावं लागेल.